अर्थ लागत नाही

लांबच्या प्रवासाला निघण्याआधी गाडीची नीट तपासणी करून घ्यावी, असं सगळेच सांगतात. तपासणी केली की काहीतरी सापडतं, हे मात्र कुणी सांगत नाही. या बाबतीत डॉक्टर आणि गॅरेजवाला यांचं गोत्र एक. ज्याने आयुष्यात कधी रक्त तपासलेलं नाही, तो मे महिन्यात सुखाने आमरस ओरपत असतो. तपासलेला माणूस वाटीकडे नुसता बघत बसतो.

त्यातून गाडीच्या साऱ्या दुखण्यांत दिव्याचं दुखणं फार लबाड. चाक पंक्चर झालं की गाडी लगेच लंगडते. ब्रेक झिजला की किंचाळतो. सायलेन्सर फुटला तर आपल्याआधी शेजाऱ्यांना कळतं. दिवा मात्र दिवसा बिघडतो आणि रात्री कळतो. तोही एकदम जात नाही. हळूहळू मंद होत जातो, आणि आपल्याला वाटत राहतं की रस्ताच हल्ली काळा पडलाय. माणसाच्या डोळ्यांचंही असंच असतं. मी पंचेचाळिशी ओलांडली तरी वर्तमानपत्रवाले शाईत काटकसर करतात अशीच माझी समजूत होती. शेवटी बायकोने चष्म्याच्या दुकानात नेलं. चष्म्याला आपल्याकडे ‘चाळिशी’ म्हणतात, ते उगीच नाही.

तर आमच्या मोटारसायकललाही चाळिशी लागली.

ही मोटारसायकल माझ्या वडिलांनी १९८६ साली घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, जाणकार तिच्या आवाजावरून ओळखतील. वडील तेव्हा गुहागर तालुक्यात शाळामास्तर होते. गाडी मूळची सहा व्होल्टची. सहा व्होल्टचा दिवा काय असतो, ते आजच्या पिढीला सांगून कळणार नाही. तो रस्ता दाखवण्यासाठी नव्हताच. समोरून येणाऱ्याला ‘इथे कुणीतरी आहे’ एवढं कळावं, इतकाच त्याचा माफक हेतू. रात्री मीटिंग आटोपून वडील यायचे तेव्हा आम्ही ओटीवर बसून वळणाकडे डोळे लावायचो. झाडांतून पिवळा ठिपका हलताना दिसला की आई म्हणायची, ‘‘आला काजवा. भात गरम करते.’’

पुढे गाडी माझ्याकडे पुण्याला आली. २००१ साली मी तिला बारा व्होल्टची करून घेतली आणि हॅलोजन बल्ब बसवला. यात चैनीपेक्षा हिशेब जास्त होता. विजेच्या दिव्याचं गणित बँकेसारखंच असतं. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. पस्तीस वॅटच्या दिव्याला सहा व्होल्टवर सुमारे सहा अँपिअर लागतात, बारा व्होल्टवर तीनच. प्रवाह निम्मा झाला की वाटेतली गळतीही कमी होते. सरकारी योजनांना मात्र हा नियम लागू नाही.

यंदा डिसेंबरात वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. शनिवारी सकाळी आठला चिपळूणच्या दवाखान्यात हजर व्हायचं होतं. वडील शहात्तर वर्षांचे. दोन वर्षं ‘दिसतंय की’, ‘दिसतंय की’ म्हणत होते. मग एकदा त्यांनी गणपतीच्या आरतीत कापराऐवजी डांबराच्या गोळीला काडी लावली, तेव्हा घरच्यांनी मनावर घेतलं. मी फोनवर म्हटलं, ‘‘आदल्या दिवशी आम्ही दोघं एस.टी.ने येतो.’’ वडील म्हणाले, ‘‘एस.टी.ने कशाला? गाडी घेऊन ये. पट्टी काढली की तिला बघायचंय मला.’’

सुनेला बघायचंय असं ते म्हणाले नाहीत, ही गोष्ट आमच्या हिने मोठ्या मनाने घेतली. उलट ती म्हणाली, ‘‘अहो, त्यांना नव्या डोळ्याने बघायचंय, तर गाडी बघण्यासारखी तरी करा. रंग द्या तिला.’’ म्हणून गाडी पेंटरकडे गेली. पेंटर कलावंत माणूस. आठ दिवसांचे सव्वीस दिवस केले. पण गाडी अशी काळीभोर आणली, की टाकीत तोंड बघून भांग पाडावा. आणि त्याच रात्री कात्रजपर्यंत चक्कर मारली तेव्हा लक्षात आलं, की गाडी चकाकतेय पण दिवा चकाकत नाही. दिवा लागलेला होता. नारिंगी रंगाचा, हळदीकुंकवाच्या निरांजनाइतका. चाळीस वर्षांच्या वाटचालीनंतर काजवा परत आला होता.

आता पुणे ते गुहागर पावणेतीनशे किलोमीटर. शुक्रवारी दुपारी अर्धी रजा टाकून निघायचं म्हणजे सातारा, उंब्रज, पाटण करत कोयनानगरला पोचेपर्यंत मिट्ट काळोख, आणि त्यानंतर कुंभार्ली घाट. तो घाट दिवसा फार रम्य आहे. रात्री त्यातलं सारं रम्यपण उजव्या-डाव्या बाजूला दरी होऊन बसतं. मागे बायको आणि पुढे निरांजन, अशा थाटात तो उतरायचा म्हणजे आरती नाही, गोंधळच.

हाताशी चार दिवस होते. मी बँकेत विषय काढला. बँकेत कर्जाचा अर्ज पुढे सरकायला महिना लागतो, सल्ला मात्र काउंटरवर हातोहात मिळतो. हेड कॅशियर म्हणाले, ‘‘बल्ब गेला. बदला.’’ मी सांगितलं, ‘‘बल्ब गेला असता तर लागलाच नसता. हेडलाइटच्या बल्बात दोन तारा असतात, एक वरच्या झोताची, एक खालच्या. एक गेली तर एकच झोत बंद पडतो. इथे दोन्ही लागतात आणि दोन्ही रडतात.’’ क्लिअरिंगवाले म्हणाले, ‘‘फ्यूज.’’ फ्यूजचं काम आमच्या साहेबांसारखं असतं : एकतर मंजूर, नाहीतर नामंजूर. फ्यूज गेला की अंधार. अर्धवट मंजुरी त्याच्या स्वभावात नाही.

कर्ज विभागातल्या तरुणाने सुचवलं, ‘‘काका, शंभर वॅटचा बल्ब टाका ना!’’ हा खरा कर्ज विभाग. जुनी रक्कम वसूल होत नाही तर आणखी मोठी द्या. साठ वॅटच्या हिशेबाने घातलेल्या वायरीतून आणि स्विचमधून शंभर वॅट ओढले की आधी स्विच तापतो, मग वायरीचं प्लॅस्टिक वितळतं, आणि मग खरोखरच भरपूर उजेड पडतो.

घरी आलो तर सोसायटीचे चेअरमन उभे. त्यांचा आधुनिकतेवर विश्वास. ‘‘एल.ई.डी. बसवा! दोन मिनिटांचं काम.’’ एल.ई.डी. वाईट नाही. नव्या गाड्यांत दिवा आणि त्याच्या मागची वाटी एकमेकांसाठी बनवलेली असतात, तिथे ते शोभतं. पण हॅलोजनसाठी केलेल्या वाटीत बाजारातलं कुठलंही एल.ई.डी. खुपसलं, की उजेड रस्ता सोडून सगळीकडे जातो. समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत, झाडांवर, आभाळात. आपल्याला वाटतं केवढा उजेड पडला! पडलेला असतोच, फक्त आपल्या पुढ्यात नसतो. असे वक्तेही असतात.

शेवटी नेहमीच्या गॅरेजात गेलो. मेकॅनिकने बटण दाबलं, दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं. ‘‘साहेब, सगळं वायरिंग बदलावं लागेल. ठेवून जा. सोमवारी बघू.’’ ऑपरेशन शनिवारी होतं.

त्या रात्री वडिलांचा फोन आला. मी दिव्याचं सांगणार नव्हतो. म्हातारा माणूस, त्यातून ऑपरेशनची धास्ती. पण हिने सांगून टाकलं. फोनवर क्षणभर शांतता. मग वडील मला म्हणाले, ‘‘अर्थ बघितलास का?’’

मला वाटलं, हे आता गीतेवर येणार. मी म्हटलं, ‘‘कसला अर्थ?’’

‘‘अरे, दिव्याचा अर्थ! बी.कॉम. झालास ना? रंग दिलाय म्हणतोस. मग अर्थ बघ आधी. हँडल फिरवलं की उजेड बदलतो का?’’

मी खाली पार्किंगमध्ये गेलो. हँडल उजवीकडे वळवलं, निरांजन. डावीकडे वळवलं, तर दिवा चक्क उजळला. डावीकडे वळलं की प्रकाश पडतो, असं कॉलेजात आमचा एक मित्र चहा पिता पिता सांगायचा. तो पुढे विमा कंपनीत लागला. पण पार्किंगमध्ये त्याचं म्हणणं पटलं.

आता हा ‘अर्थ’ म्हणजे काय ते सांगतो, कारण तीन वर्षं अर्थशास्त्र शिकून मला जे कळलं नाही ते इथे कळलं. बॅटरीतून वीज निघते, वायरीतून दिव्यापर्यंत जाते, आणि तिथून तिला बॅटरीकडे परत यावं लागतं. जाताना तिला स्वतंत्र वायर असते. परतताना मात्र काटकसर म्हणून गाडीच्या लोखंडी सांगाड्यातूनच यायचं. दिव्याची काळी वायर एका स्क्रूने सांगाड्याला जोडलेली असते. हा परतीचा रस्ता म्हणजे ‘अर्थ’. जुने मिस्त्री म्हणतात, ‘अर्थ लागत नाही’. लोखंडाला लोखंड नीट भिडलं नाही, गंज आला, किंवा मध्ये रंग आला, की वीज जाते पण परत येताना अडखळते. दिलेलं कर्ज परत न आलं की बँकेचा दिवा मंदावतो, तसंच हे. काही जुन्या गाड्यांत तर ती वायर रुसली की वीज हँडलच्या बेअरिंगमधल्या ग्रीस माखलेल्या गोळ्यांतून वाट काढते. म्हणून हँडल वळवलं की उजेड कमी-जास्त.

निदान तर झालं; पण मी बँकेतला माणूस. व्हाउचरशिवाय एंट्री पास करत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून लेजरं होती. दहा पैशांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. आता संगणक आले, फरक येत नाही, फक्त सर्व्हर जातो. फरक शोधण्याचं ते जुनं सुख मला कित्येक वर्षांनी मिळणार होतं. मी मल्टिमीटर आणला आणि वहीत दोन रकाने आखले : जमा आणि खर्च.

दिवा चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मोजलं : १२.२ व्होल्ट. ही आरंभीची शिल्लक. बल्बच्या टोकांवर मोजलं : ९.७. म्हणजे अडीच व्होल्टची अफरातफर. दिसायला रक्कम किरकोळ, पण दिव्याचा कायदा सावकारी आहे. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. इथे वीस टक्के घटलेलं, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड गडप. आता चोर कुठल्या वाटेवर? बॅटरीच्या अधिक टोकापासून बल्बच्या अधिक टोकापर्यंत मोजलं : ०.४. जुन्या वायरी, जुने स्विच, इतकं चालायचंच. मग बल्बच्या अर्थापासून बॅटरीच्या उणे टोकापर्यंत : २.१!

नऊ सात, अधिक शून्य चार, अधिक दोन एक. बेरीज बारा दोन. टॅली! मी पार्किंगमध्ये इतक्या मोठ्याने ‘टॅली’ ओरडलो, की वॉचमन धावत आला.

दिव्याचा डबा उघडला. काळ्या वायरीचा स्क्रू जागच्या जागी होता. पण त्याच्याखाली, वॉशरच्या खाली, भोकाच्या आट्यांतसुद्धा आमच्या कलावंताने तीन हात रंग दिला होता. जिथे कुणाची नजर पोचणार नाही तिथेही काम चोख असावं, हे तत्त्व मला मान्य आहे; पण विजेला ते मान्य नाही. पॉलिश पेपरने एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा खरवडली, खालचं लोखंड चमकेपर्यंत. टोक घासलं, स्क्रू आवळला, वरून किंचित ग्रीस लावलं. शिवाय एक जादा वायर थेट बॅटरीच्या उणे टोकापर्यंत ओढली. परतीच्या रस्त्याला जामीनदार असलेला बरा. बल्ब पुसताना रुमालात धरला. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नसतं. बोटाचं तेल काचेवर राहतं, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब अकाली जातो. आणि बटण दाबलं.

काय सांगू! समोरच्या भिंतीवर ‘नो पार्किंग’ असं लिहिलेलं आहे, हे सोसायटीत अकरा वर्षं राहून मला त्या रात्री कळलं. मल्टिमीटर म्हणाला : ११.७.

एवढ्यावर भागत नाही. दिवा नुसता लागून उपयोग नाही, तो रोखायलाही लागतो. सपाट जमिनीवर, भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करायची. भिंतीवर दिव्याच्या उंचीला खडूची रेघ मारायची. खालचा झोत त्या रेघेच्या थोडा खालीच पडला पाहिजे. आणि हे सारं माणसं आणि सामान गाडीवर बसवून बघायचं. कारण मागे वजन आलं की मागचे शॉक दबतात, पुढचं तोंड वर होतं आणि झोत आभाळाकडे बघायला लागतो. आमची ही दोन बॅगा घेऊन मागे बसली मात्र, उजेड पहिल्या मजल्यावर जोशीकाकूंच्या स्वयंपाकघरात पोचला. ‘‘बॅगांचं वजन फार आहे,’’ मी म्हटलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली आहेत, कुठल्या वजनाचा उल्लेख करावा हे मला कळतं. मी स्क्रू सैल करून दिवा खाली वाकवला. ती मागून म्हणाली, ‘‘आता बरोबर. मला घाटात नीट दिसायला हवं हो. तुम्ही चालवता तेव्हा मी डोळे मिटत नाही.’’ एकवीस वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली. मी परत एकदा स्क्रू आवळून बघितला.

शुक्रवारी निघालो तेव्हा दुपार होती आणि दिवा चालू होता. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. त्याला ‘ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं ‘अहो’. आमच्या जुन्या गाडीला तो नियम नाही, पण मागे ‘अहो’ आहेच. ‘‘अहो, दिवा लावा. समोरच्याला दिसलो तर आपण वाचू.’’ त्यामुळे शिरवळपर्यंत निदान पंधरा जणांनी आम्हाला खुणा केल्या. पंजा उघडायचा, मिटायचा, उघडायचा, मिटायचा : ‘दिवा चालू राहिलाय!’ बॅटरी आमची, पण काळजी त्यांना. नव्या गाड्यांमुळे ही खूण हळूहळू नाहीशी होईल. आपल्या देशात अनोळखी माणसाने अनोळखी माणसावर फुकट केलेले उपकार मोजले, तर त्यात ही खूण वरच्या नंबरात येईल.

कुंभार्लीत आठ वाजले. धुकं होतं. धुक्यात वरचा झोत लावला की पांढरी भिंत समोर उभी राहते, म्हणून खालचाच ठेवला. रस्त्याकडेचे पांढरे दगड एकेक करून पुढे येत होते आणि मागे जात होते. समोरून ट्रक आला की तो दिवा खाली करायचा, मी त्याला डिपर द्यायचो. रात्रीच्या घाटातला हा नमस्कार. ती काही बोलत नव्हती. फक्त वळण आलं की माझ्या खांद्यावरचा हात किंचित घट्ट व्हायचा, आणि वळण सरलं की सैल. तेव्हा समजलं, मल्टिमीटरवर न दिसणारंही एक व्होल्टेज असतं.

घरच्या वळणावर पोचलो तेव्हा आई ओटीवर उभी होती. ‘‘काजवा नाही वाटला हो,’’ म्हणाली, ‘‘मला वाटलं ट्रकच आला.’’ वडील तिच्या शेजारी बसलेले. त्यांना उजेड दिसला होता, गाडी दिसली नव्हती. ते आवाजाच्या दिशेने बघत होते.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. रविवारी सकाळी पट्टी काढली. घरी आल्यावर वडील काळा गॉगल लावून अंगणात आले. गाडीपुढे उभे राहिले, गॉगल जरा वर केला. मग एक डोळा झाकला, पाहिलं. दुसरा झाकला, पाहिलं. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला जग पिवळट दिसतं, आणि नव्या भिंगातून रंग एकदम लख्ख होतात, ते डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. वडिलांनी असं तीन-चार वेळा केलं. मग म्हणाले, ‘‘या डोळ्याने बघितली की तुझी वाटते. या डोळ्याने बघितली की माझी.’’

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. मी काही बोललो नाही.

‘‘अर्थच होता ना?’’ त्यांनी विचारलं.

‘‘अर्थच होता.’’

‘‘लाव बघू दिवा.’’

भर अकराचं ऊन. मी दिवा लावला. वडील गॉगल हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी तसं करू नका म्हणून बजावलं होतं, पण शाळामास्तरांना कोण सांगणार? रस्त्यावरून एक सायकलवाला चालला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, आणि एक हात सोडून पंजा उघडला, मिटला, उघडला, मिटला.

वडिलांना ती खूण तिथून स्पष्ट दिसली. त्यांनीही हात वर केला आणि ओरडून सांगितलं, ‘‘असू दे रे! मुद्दाम लावलाय!’’